हात साथ देत नसेल तर माउसचं काय करायचं: आधी सेटिंग, मग जुगाड, मग खरेदी

घरात कोणाचा हात थरथरतो, कोणाची लकव्यानंतर बोटं वळत नाहीत, कोणाच्या मुलाला सीपी आहे म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे आणि हात मनासारखा जातच नाही, पण कॉम्प्युटर तर वापरायचाय. अशा वेळी आपण काय करतो, ऑनलाइन जाऊन स्पेशल माउस शोधतो, किंमत बघतो आणि गप बसतो. तर किंमत बघायच्या आधी हे वाचा. इंदूरमध्ये बसून, जिथे असलं सामान दुकानात हातात घेऊन बघायला सहसा मिळत नाही, तिथे फुकटात काय होतं, दोनपाचशेत काय होतं आणि खरंच पैसे कधी घालायचे ते लिहितोय. मी डॉक्टर नाही हो, नातेवाइकांचे आणि त्यांच्या ओळखीतल्यांचे कॉम्प्युटर लावून देता देता हे सगळं जमा झालंय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. साधा माउस एकाच हाताकडून एकाच वेळी दोन कामं मागतो, पॉइंटर नेऊन ठेवायचा आणि तो तिथून जराही न हलवता बटण दाबायचं. धडधाकट हाताला हे कळतसुद्धा नाही. पण पार्किन्सन (हात थरथरण्याचा आजार) असलेला माणूस आयकॉनपर्यंत कसाबसा पोचतो आणि दाबायला गेला की पॉइंटर सरकतो, कधी फोल्डर उघडायच्या ऐवजी दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतो. सीपीवाल्या मुलाचं वेगळं, दाबायची ताकद भरपूर, पण जोर लावला की अख्खा हात ओढला जातो. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू कमजोर होत जाण्याच्या आजारात, परत उलटंच, हात अगदी स्थिर, बोट बारीक बारीक हलतं, पण माउस ढकलत टेबलाच्या त्या टोकाला न्यायची ताकद नाही. तिघांना एकच माउस चालेल कसा? म्हणून पॉइंटर नेणं एकाकडे, दाबणं दुसऱ्याकडे अशी वाटणी करायची, आणि हा दुसरा म्हणजे दुसरा हात, कोपर, पाय, हनुवटी, नाहीतर चक्क कॉम्प्युटर स्वतः. खाली जे काही आहे ते सगळं ह्या वाटणीचेच प्रकार आहेत.

आधी नुसतं बघा

अर्धा तास त्यांना नेहमीचं काम करू द्या, पेपर वाचणं, यूट्यूब, काहीही, आणि बाजूला गप बसून बघा, मध्ये मदतीला हात घालू नका (हे आपल्या घरांमध्ये सगळ्यात अवघड काम आहे, आई तर दोन मिनिटांत माउस हातातून घेते). कुठे अडतंय ते लिहून काढा. पोचायलाच जमत नाही का, की पोचून दाबताना घसरतं? डबलक्लिक होत नाही का? बटण दाबून धरून ओढणं, म्हणजे ड्रॅग, जमतं का? थकायला किती वेळ लागतो? आणि शरीराचा कुठला भाग सगळ्यात भरवशाचा आहे, ते हातच असलं पाहिजे असं नाही. डोकं व्यवस्थित वळत असेल किंवा एक पाय छान चालत असेल तर ती मोठी गोष्ट आहे.

मग बसणं. कोपर हवेत लटकलेलं असेल तर जगातला कुठलाही माउस काम करणार नाही. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले, कोपर ते मनगट पूर्ण टेबलावर, टेबल उंच असेल तर खुर्चीवर उशी, आणि हाताखाली टॉवेलची गुंडाळी. थरथर असेल तर नुसता हाताला आधार मिळाल्यानेसुद्धा फरक पडतो. माउस किंवा ट्रॅकबॉल (वर फिरवायचा चेंडू असलेला माउस) सरकू नये म्हणून ड्रॉवरमध्ये घालायची ती रबरी जाळीदार शीट मिळते ना, तिचा एक तुकडा खाली टाका. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं कशी करायची ते शिकवणारा, ओळखीचा असेल तर हे बसण्याचं त्यालाच विचारा, तो दहा मिनिटांत जे सांगेल ते मी दोन पानं लिहून सांगू शकणार नाही.

फुकटातलं: विंडोजमध्ये आधीपासून असलेलं

विंडोजचं बटण आणि आर दाबून रनमध्ये मेन डॉट सीपीएल (main.cpl) टाइप करा, माउसची जुनी खिडकी उघडते. तिथे दोन टॅब आपल्या कामाचे.

बटन्समध्ये डबलक्लिक स्पीड एकदम स्लो करा. त्याच्याच खाली क्लिकलॉक आहे, तो चालू केला की बटण जरा वेळ दाबून सोडलं तरी कॉम्प्युटर समजतो की दाबलेलंच आहे, मग ओढत न्या आणि परत एक क्लिक करा की सुटलं, म्हणजे ड्रॅग करताना बोट दाबून धरायची गरजच संपली. डावा हात चांगला असेल तर बटणं आलटूनपालटून घ्यायचीही सोय तिथेच आहे.

पॉइंटर ऑप्शन्समध्ये स्पीड कमी करा आणि एनहान्स पॉइंटर प्रिसिजन ह्याची टिक काढून टाका. नाव वाचून वाटतं की हे तर हवंच, पण ते काय करतं तर हात वेगाने हलला की पॉइंटर जास्त लांब फेकतं, म्हणजे हाताला एक झटका आला की पॉइंटर थेट स्क्रीनच्या कोपऱ्यात. थरथर आणि झटक्यांच्या हाताला हे बंदच बरं. कमजोर पण स्थिर हात असेल तर मात्र उलटं करायचं, स्पीड वाढवा आणि टिक राहू द्या, कारण त्याला थोड्याशा हालचालीत लांब जायचंय. कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरभोवती गोल दाखवायची सोयही इथेच आहे, ती चालू करा, आणि सेटिंग्जच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन पॉइंटर मोठा आणि गडद रंगाचा करून घ्या.

आता एक सेटिंग जे फार कोणी सांगत नाही. क्लिक करताना पॉइंटर किती सरकला की विंडोजने त्याला ड्रॅग समजायचं, ह्याचं एक माप असतं आणि ते असतं फक्त ४ पिक्सेल. थरथरत्या हाताला ४ पिक्सेल म्हणजे काहीच नाही, म्हणून फायली इकडच्या तिकडे पडतात आणि मग घरात सगळे म्हणतात की काकांनी कॉम्प्युटर बिघडवला. रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजची आतली सेटिंग्ज बदलायची खिडकी, उघडा, करंट युजरच्या खाली कंट्रोल पॅनल आणि त्यात डेस्कटॉप, तिथे ड्रॅगहाइट (DragHeight) आणि ड्रॅगविड्थ (DragWidth) अशा दोन नोंदी सापडतील, दोन्हीत ४ च्या जागी २० किंवा ३० लिहा, साइन आउट करून परत आत या. रजिस्ट्रीत बाकी कशालाही हात लावू नका, आणि भीती वाटत असेल तर कोणा जाणकाराकडून करून घ्या, पण करून घ्याच.

डबलक्लिक अगदीच जमत नसेल तर त्याच्या मागे लागू नका. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकवर उघडायचा पर्याय आहे. नाहीतर एकदा क्लिक करून एंटर दाबायचं, झालं काम.

नंबरपॅडचा माउस

ज्यांना माउस ढकलणं अजिबात जमत नाही पण एक बोट, नाहीतर तोंडात धरलेली काठीसुद्धा, बटणावर नीट नेता येते त्यांच्यासाठी माउस कीज. डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून नमलॉक दाबा, विंडोज विचारेल, हो म्हणा. आता कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांनी पॉइंटर चालतो, ८ वर, २ खाली, ४ आणि ६ डावी-उजवीकडे, ७, ९, १, ३ तिरके. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबलक्लिक. शून्य दाबलं की बटण धरून ठेवलं जातं आणि टिंब दाबलं की सुटतं, म्हणजे ड्रॅगही होतो. राइट क्लिक हवं असेल तर आधी वजाचं चिन्ह आणि मग ५, परत साध्या क्लिकवर यायला तिरकी रेघ. हे सगळं एकदम पाठ होत नाही, कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवून टाका.

हळू आहे हे खरं. स्क्रीनच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जायला वेळ लागतो, म्हणून सेटिंग्जमध्ये माउस कीजचा वेग वाढवून घ्या. पण एक फायदा असा की हात उचलला की पॉइंटर जागच्या जागी थांबतो, दाबताना घसरायचा प्रश्नच नाही. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर वेगळा यूएसबी नंबरपॅड स्वस्तात मिळतो, आणि वेगळा असला की तो मांडीवर, व्हीलचेअरच्या हातावर, पायाशी, कुठेही बसवता येतो. सीपीमध्ये बोट शेजारच्या बटणावर पडत असेल तर त्याच्यावर कीगार्ड बसवा, म्हणजे प्रत्येक बटणावर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी, हात तिच्यावर टेकवून ठेवला तरी बटण दबत नाही, फक्त भोकात घातलेलं बोट दाबतं. लेझरवर नेमप्लेट आणि ट्रॉफ्या कापून देणारे असतात ना, त्यांना नंबरपॅडच नेऊन द्या, माप घेऊन कापून देतील.

दोन माउस, एक पॉइंटर

विंडोजला एकाच वेळी दोन, तीन, कितीही माउस लावा, सगळे एकच पॉइंटर चालवतात. कोणी सांगतच नाही बघा हे. म्हणजे एका हाताने पॉइंटर न्यायचा आणि दुसऱ्या हाताखाली, नाहीतर पायाखाली, एक जुना माउस फक्त क्लिकसाठी ठेवायचा. ह्या दुसऱ्या माउसच्या पोटावर जिथे लाल उजेड दिसतो तिथे काळी टेप लावून टाका, मग तो कितीही हलला तरी त्याला टेपच दिसत राहते आणि पॉइंटर जागचा हलत नाही, फक्त बटणं चालतात. टेबलाला डबल टेपने चिकटवा आणि आपटा हवा तितका. खर्च, टेपचा.

दुसरा फायदा शिकवताना होतो. त्यांच्या हाताखाली त्यांचं साधन, तुमच्या हातात साधा माउस, अडलं तर तुम्ही लांबूनच थोडं सरकवून द्या, त्यांचा हात पकडून ओढायची गरज नाही.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे स्विच. जगभर अपंगांसाठीचे जे स्विच असतात, मोठी गोल बटणं, उशीसारखे दाबायचे, गालाने दाबायचे, त्यांना बहुतेक ३.५ मिलिमीटरची मोनो पिन असते, जुन्या इअरफोनच्या मापाचीच. तर एक साधा वायरवाला माउस घ्या, कॉम्प्युटरपासून काढून ठेवा, खालचा स्क्रू बऱ्याचदा स्टिकरच्या किंवा पायाच्या गुळगुळीत पट्टीच्या खाली लपलेला असतो तो काढून उघडा. डाव्या बटणाच्या खाली एक छोटा मायक्रोस्विच दिसेल, त्याला तीन पाय असतात. मल्टिमीटर बझरवर ठेवून असे दोन पाय शोधा की जे बटण दाबल्यावरच वाजतात, त्या दोन पायांना दोन वायरी सोल्डर करा, वायरी बाहेर काढून ३.५ चं मोनो फीमेल सॉकेट जोडा. माउसचं मूळ बटणही चालत राहतं, आणि सॉकेटमध्ये जो स्विच लावाल तोही क्लिक करतो. उजव्या बटणाचं हवं असेल तर तसंच अजून एक सॉकेट. मोबाइल रिपेअरवाल्याला हे पंधरा मिनिटांचं काम आहे, इंदूरच्या जेल रोडला कोणालाही समजावून सांगा, आधी ‘भिया (म्हणजे भाऊ), असं कशाला करताय’ असं विचारेल, मग कारण कळलं की मन लावून करेल.

स्विच म्हणून गेमिंग मशीनवर असतं ते मोठं आर्केड बटण छान, टेबलाच्या फळीत भोक पाडून बसवता येतं. पायासाठी महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकल दुकानांमध्ये फूट स्विच विचारा, मशीनवर लावायचा असतो तो, पण नवाच घ्या, घरच्या लाइनला आधी जोडलेला जुना कधीच वापरू नका. शिवणाच्या मशीनचं पॅडल मात्र चालत नाही, ते चालू-बंद करत नाही, वेग कमी-जास्त करतं.

आता विकत घ्यायचं असेल तर

पहिला नंबर ट्रॅकबॉलचा. माउस जागेवर, वरचा चेंडू फिरवायचा, हात उचलायचा, पॉइंटर तिथेच थांबतो, मग आरामात बटण. पण ट्रॅकबॉलमध्ये दोन जाती आहेत आणि इथेच लोक चुकीचं घेतात. लॉजिटेकच्या एर्गो एम५७५ सारख्यात चेंडू अंगठ्याखाली असतो, सहज मिळतो, स्वस्तही पडतो, पण सगळा भार एका अंगठ्यावर येतो, शिवाय तो उजव्या हाताचाच आहे. लकव्यानंतर किंवा संधिवातात अंगठाच कमजोर असेल तर काही उपयोग नाही. केन्सिंग्टनच्या एक्सपर्ट माउसमध्ये ५५ मिलिमीटरचा मोठा चेंडू मधोमध असतो, दोन्ही हातांना चालतो, बोटांनी, तळहाताने, कोणी मुठीनेसुद्धा फिरवतात, भोवती स्क्रोलची रिंग आणि चार मोठी बटणं. लहान मुलांसाठी आणि ज्यांची बारीक हालचाल होत नाही त्यांच्यासाठी बिगट्रॅक म्हणून एक येतो, साधारण तीन इंचांचा चेंडू आणि बटणं चेंडूच्या पलीकडे, म्हणजे चेंडू फिरवताना चुकून दबत नाहीत. तो बाहेरून मागवावा लागतो म्हणून महाग पडतो. आधी सिल्व्हर मॉलमध्ये चक्कर मारा, अंगठ्याचा तरी कुठल्या तरी दुकानात दिसेल, त्यावर निदान हात ठेवून बघता येईल.

चेंडू साफ ठेवावा लागतो. आपल्याकडची धूळ आणि खाताना हाताला लागलेलं तेल मिळून आतल्या तीन बारीक टेकूंवर काळं साठतं आणि पॉइंटर अडखळायला लागतो, मग लोकांना वाटतं हातच बिघडला. एक्सपर्ट नुसता उलटा केला की चेंडू हातात येतो, एम५७५ ला खाली भोक आहे त्यातून पेन्सिलीने ढकला, टेकू कापसाच्या काडीने पुसा.

मस्क्युलर डिस्ट्रॉफीवाल्यांना ट्रॅकबॉलपेक्षा वेगळा टचपॅड बरा पडतो, चेंडू फिरवायलाही थोडी ताकद लागते, टचपॅडला नाही. व्हीलचेअर जॉयस्टिकने चालवणाऱ्याला जॉयस्टिक माउस लगेच जमतो.

फक्त थरथर असेल तर त्याचा वेगळाच इलाज आहे. थरथर ही बारीक आणि भरभर मागेपुढे होणारी हालचाल, आणि मुद्दाम केलेली हालचाल त्या मानाने हळू आणि एका दिशेची, त्यामुळे कॉम्प्युटरला दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. आयबीएमच्या जेम्स लेव्हाइन ह्यांनी २००५ च्या सुमारास ह्याच तत्त्वावर माउस आणि कॉम्प्युटरच्या मध्ये लावायचा एक अ‍ॅडॅप्टर बनवला होता. आता तसंच काम करणारी आमानिओ नावाची छोटी डबी मिळते, सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही, म्हणून ऑफिसच्या लॉक केलेल्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालते. घरच्या विंडोजवर मात्र आधी स्टेडीमाउस हे सॉफ्टवेअर टाकून बघा, डबीपेक्षा खूप स्वस्तात तेच काम होतं आणि चुकून दोनदा पडणारे क्लिकही ते गाळतं. सुदामा नगरातल्या एका काकांना हे सॉफ्टवेअर आणि वरचं ड्रॅगचं सेटिंग एवढ्यावरच भागलं, ट्रॅकबॉल घ्यावाच लागला नाही.

हात अजिबातच नसेल चालत तर

वेबकॅम आहे ना? ई-व्हायाकॅम हे फुकट सॉफ्टवेअर टाका, डोकं हलवलं की पॉइंटर हलतो आणि पॉइंटर एका जागी थोडा वेळ थांबला की आपोआप क्लिक होतं. बोस्टन कॉलेजचं कॅमेरा माउस पण असंच आणि तेही फुकट. उजेड चेहऱ्यावर समोरून हवा, पाठीमागे खिडकी असेल तर कॅमेरा गोंधळतो. मान दुखते, हे आधीच सांगतो, सुरुवातीला थोडाच वेळ.

थांबलं की क्लिक, ह्याला ड्वेल म्हणतात, आणि हे डोक्यानेच वापरायचं असं काही नाही. ज्याला ट्रॅकबॉल फिरवता येतो पण बटण दाबता येत नाही त्यालाही हे लावा. मॅकमध्ये आणि उबुंटूसारख्या लिनक्समध्ये हे आतच असतं, उबुंटूत त्याला हॉवर क्लिक म्हणतात. अँड्रॉइड फोनलाही ओटीजीने (फोनला यूएसबी जोडायच्या छोट्या जोडणीने) माउस लावला तर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ऑटोक्लिक सापडेल. वेळ सुरुवातीला जास्त ठेवा, दीड-दोन सेकंद, नाहीतर वाचता वाचता सगळीकडे क्लिक पडत जातात आणि माणूस वैतागतो.

आवाजाने चालवायचं असेल तर विंडोज ११ मध्ये व्हॉइस अ‍ॅक्सेस आहे, शो नंबर्स म्हटलं की प्रत्येक बटणावर आकडा येतो, आकडा बोला की क्लिक. इंग्रजी किंवा फ्रेंच, जर्मनसारख्या मोजक्याच भाषांत बोलावं लागतं, आणि बोलणं अडखळत असेल तर त्याला नीट समजत नाही, म्हणून हे एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. मराठी टायपिंग मात्र फोनवर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) माइकने मस्त होतं, लांब मेसेज असेल तर माउसच्या भानगडीतच पडू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन हे सगळे येतात, आणि बऱ्याच सोयींसाठी ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला लागतो. केंद्राच्या एडिप योजनेत साधनं मिळतात, शिबिर लागलं की तिथे नुसती व्हीलचेअर किंवा कानाचं मशीन न मागता कॉम्प्युटरसाठी काय मिळेल तेही विचारा. आणि सरकारी नोकरी असेल तर त्याच कायद्याप्रमाणे ऑफिसने काम करण्यासाठी योग्य ती सोय करून द्यायची असते, ट्रॅकबॉल ही अशीच सोय आहे, लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि एक शेवटचं, विंडोजमध्ये त्यांच्या नावाचं वेगळं अकाउंट बनवा, तेही शक्यतो सेटिंग्ज करायच्या आधीच बनवा, कारण पॉइंटरचा वेग, क्लिकलॉक, ड्रॅगचं माप हे सगळं त्या त्या अकाउंटपुरतं असतं. नाहीतर काय होतं, संध्याकाळी नातू येतो, म्हणतो हा माउस किती स्लो आहे, सगळं होतं तसं करून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला फोन.